भ्रमणध्वनी आणि रोगनिदान

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या डोंगराळ पेठ तालुक्यात भात व नागलीची शेती पावसावर चालते. ताप, पोटाचे विकार आणि सर्पदंश यांचेही हेच दिवस. अलीकडे अनेकांच्या हाती भ्रमणध्वनी आल्यामुळे त्यावर लक्षणे सांगून रोगाचे नाव शोधण्याची सवय वाढत आहे. आरोग्याविषयीची जिज्ञासा स्वागतार्हच आहे. परंतु माहिती म्हणजे निदान नव्हे, हा भेद लोकांना समजावून देणे अगत्याचे आहे.

मण्यार सापाचे उदाहरण घेऊ. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. वेदना फारशी होत नाही. दंशाची खूणही कित्येकदा दिसत नाही. पहाटे मुलाच्या पोटात कळा येतात, उलटी होते. एवढेच शब्द यंत्राला सांगितले, तर अपचन वा आम्लपित्त असे उत्तर येणे साहजिक आहे. मूल जमिनीवर झोपले होते काय, पापण्या जड झाल्या आहेत काय, हे सांगितलेच नाही तर उत्तरात कसे यावे? आणि काय सांगावयास हवे, हे तर जाणकारालाच ठाऊक असते. पित्ताची गोळी देऊन सकाळची वाट पाहिली, तर तेवढ्यात श्वास बंद पडू शकतो. प्रतिविष व कृत्रिम श्वासोच्छ्वास हे उपचार रुग्णालयातच मिळतात.

तापाचेही तसेच आहे. हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांची सुरुवात बहुधा सारखीच होते. उपचार मात्र भिन्न आहेत. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, तर रक्त तपासल्यावाचून हिवताप निश्चित होत नाही. उलटपक्षी, साध्या डोकेदुखीत मेंदूच्या गाठीची माहिती वाचून धास्तावणारेही आहेतच.

भ्रमणध्वनी दूर ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे. त्यावरूनच 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविता येते आणि ई-संजीवनी सेवेद्वारे डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. शिक्षकांनी हे शाळेत शिकवावे. ताप येताच आशा स्वयंसेविकेकडून रक्ताची चाचणी करून घ्यावी, खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपावे आणि रात्री अचानक पोट दुखल्यास सर्पदंशाची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे, या गोष्टी पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत आवर्जून सांगावयास हव्यात.