पहिलं वर्ष मूळ धरण्याचं



जामसंड्याहून एम.एस्सी.साठी मुंबईला गेले, तेव्हा पहिले दोन महिने एकच प्रश्न छळत होता. आपली इथे चुकून तर निवड झाली नाही ना? वर्गात सगळे माना डोलवायचे. माझा प्रश्न इंग्रजीत जुळेपर्यंत तास संपायचा.

त्याच दिवसांत कमला सोहोनींविषयी वाचलं. या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिल्या आल्या, तरी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर काम पाहू या अटीवर. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे नीरेच्या पोषणमूल्यावरही संशोधन केलं.

त्यांच्यावर शंका इतरांनी घेतली होती, माझ्यावर मीच घेत होते. मग मीही स्वतःला एक वर्ष दिलं. न कळलेलं वहीत लिहायचं आणि रोज एक तरी प्रश्न विचारायचा. दिवाळीनंतर उलगडलं की माना डोलवणाऱ्या कित्येकांच्या वहीत तेच प्रश्न होते!

आपण हापूसच्या कोवळ्या कलमाचा पहिला मोहोर खुडतो, कारण आधी झाडानं मूळ धरायला हवं. आता आपली मुलं कोल्हापूर-पुण्याला शिकायला जातील. 'जमत नाही' असा फोन आला, तर रागावू नका आणि लगेच परतही बोलावू नका. एवढंच म्हणा, "वर्ष तरी पुरं कर."