वजन नॉर्मल, मग पोटाचं टेन्शन कशाला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

आजचा एपिसोड ज्यांना वाटतं की आपण जाड नाही, त्यांच्यासाठी आहे. जे जाड आहेत त्यांना सगळं जग रोज ऐकवतंच, त्यात आपण भर नको घालायला. मी बोलतोय हातपाय बारीक, चेहरा बारीक, पण शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली, अशा मंडळींबद्दल. आपल्याकडे त्याला 'लग्नानंतर तब्येत सुधारली' म्हणतात. आता तर लग्नाचीही गरज नाही, दोन वर्षं वर्क फ्रॉम होम पुरतं.

समजा, तुमची उंची 170 सेंटीमीटर आणि वजन 66 किलो आहे. बीएमआय काढला तर येतो 22.8. ॲप हिरवा रंग दाखवतं, तुम्ही खूश. पण बेंबीजवळ टेप लावली तर 93 सेंटीमीटर! ॲपला हे माहीतच नाही, कारण त्याने विचारलेलंच नाही. बीएमआयला फक्त वजन आणि उंची कळते. त्या वजनात हाडं किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे साठलीय, यातलं काहीच त्याला कळत नाही.

यावर एक मस्त गोष्ट आहे आणि ती आपल्या पुण्याची आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डायबेटिसचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रोफेसर जॉन युडकिन. 2004 साली 'द लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. युडकिन मॅरेथॉन पळायचे आणि आपले डॉक्टरसाहेब सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यापुरतं पळायचे, हेही त्यांनी तिथेच गमतीत लिहून टाकलंय. मला हा माणूस तेव्हापासून फार आवडतो.

पण हा फक्त लिफ्टचा दोष नाही. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिकांच्या टीमने नवजात बाळांची मोजमापं घेतली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, तिकडच्यांचं 3.5 किलो. बाळं लहान, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. याला नाव पडलं 'थिन-फॅट', म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीवाला. आईच्या पोटात असतानाच्या पोषणाशी याचा संबंध असावा, असं या टीमचं म्हणणं आहे. त्यामुळे 'आमच्या घरात सगळ्यांनाच पोट आहे' हे वाक्य अगदीच बहाणा नाही. फक्त ते म्हणून झाल्यावर आपण गप्प बसतो, तिथे घोळ आहे.

आता मुद्द्याचं. पोटावरची चरबी दोन प्रकारची असते. एक चिमटीत येते ती, त्वचेखालची. आरशात तीच खुपते, पण ती त्या मानाने निरुपद्रवी. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती. मटणाच्या दुकानात बोकडाच्या पोटातली चरबीची पांढरी जाळी पाहिली असेल, तशीच आपल्याही पोटात असते. ही चिमटीत येत नाही. काही जणांचं पोट पुढे आलेलं असतं पण हाताला टणक लागतं, आणि ते अभिमानाने सांगतात की बघ, फॅट नाही, सॉलिड आहे. बहुतेकदा ते सॉलिड म्हणजे हीच आतली चरबी असते.

ही वाईट का? तर तिच्या पत्त्यामुळे. आतड्यांकडून येणारं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या रक्तवाहिनीतून थेट लिव्हरला जातं. आतल्या जाळीतून सुटलेली फॅटी ॲसिड्सही त्याच रस्त्याने लिव्हरवर जाऊन आदळतात. मग लिव्हर ट्रायग्लिसराइड जास्त तयार करून रक्तात सोडतं, चांगलं म्हणवणारं एचडीएल खाली येतं आणि एलडीएलचे कण बारीक व घट्ट होतात. इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासं होतं. शिवाय ही चरबी सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते. हे सगळं वर्षानुवर्षं, काहीही न दुखता चालू असतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत थर साचत जातो.

ही नुसती थिअरी नाही. इंटरहार्ट नावाच्या अभ्यासात 52 देशांतले सुमारे 27 हजार लोक होते, हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि न आलेले. बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंबांच्या घेराचं गुणोत्तर हार्ट अटॅकच्या धोक्याशी कितीतरी जास्त जुळलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्याला जास्त टोचणारी आहे: दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक आला त्याचं मधलं वय 53 होतं, बाकीच्या देशांत 59 च्या आसपास. तुम्ही आज सत्तावीसचे असाल तर 53 लांब वाटतं, मान्य. पण तुमच्या बाबांचं वय काय?

मोजायचं कसं? जीन्सचा नंबर सांगू नका प्लीज. जीन्स पोटाच्या खाली बसते, त्यामुळे 34 ची पँट घालणाऱ्याची खरी कंबर 39 इंच निघू शकते. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या त्वचेवर लावा. श्वास सहज सोडा आणि आकडा बघा. पोट आत ओढायचं नाही, कोणी फोटो काढत नाहीये. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंटीमीटर आणि महिलांसाठी 80. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. आईचीही कंबर मोजा. पाळी गेल्यावर बायकांची चरबी नितंबांवरून पोटाकडे सरकते, आणि 'वयाने होतं' म्हणून तिकडे कुणी बघतच नाही.

आकडा जास्त आला तर? पहिलं म्हणजे क्रंचेस मारून पोटाची चरबी जात नाही. पोटाचे स्नायू मजबूत होतात, चरबी तिथेच. घाम काढणारे पट्टे आणि सकाळचं लिंबू-मध-पाणी यांच्याबद्दल मी बोलणारच नाही, वेळ कमी आहे. लायपोसक्शननेही हे सुटत नाही. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात लठ्ठ महिलांच्या त्वचेखालची सुमारे 10 किलो चरबी काढली, तरी ब्लड प्रेशर, इन्सुलिन, कोलेस्टेरॉल यांत फरक पडला नाही. कारण आतली जाळी जागेवरच होती.

चांगली बातमी अशी की आतली चरबी व्यायामाला लवकर दाद देते. नियमित भरभर चालणं, पळणं, सायकल यांनी काटा फार हलला नाही तरी ती कमी होऊ शकते. आठवड्याला किमान 150 मिनिटं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागला पाहिजे. आणि आपल्यासाठी माझा आग्रह वजन उचलण्यावर आहे. वर ते 21.2 टक्के आठवा. आपली अडचण चरबी जास्त इतकीच नाही, स्नायू कमी हीसुद्धा आहे. अशा माणसाने दोन महिने फक्त सूप पिऊन काढले तर चरबीबरोबर असलेले स्नायूही जातात. काटा खूश होतो, शरीर नाही. ताटात डाळ घट्ट घ्या, वरणाचं पाणी नको. अंडी, दही, उसळ, मासे, जे घरात चालतं ते. साखरेचा चहा दिवसाला पाच कप असेल तर तिथून सुरुवात करा. आणि सिगारेटने बारीक राहतो म्हणणाऱ्यांनो, सिगारेट ओढणाऱ्यांचं वजन कमी असलं तरी चरबी पोटाकडे जास्त जमते.

कंबर मर्यादेच्या वर असेल, तर ब्लड प्रेशर बघा आणि उपाशीपोटी शुगर व लिपिड प्रोफाइल करून घ्या. रिपोर्टवर 'टोटल कोलेस्टेरॉल नॉर्मल' वाचून फाइल बंद करू नका. ट्रायग्लिसराइड 150 च्या वर आणि एचडीएल पुरुषांत 40 च्या, महिलांत 50 च्या खाली, ही जोडी दिसली तर तोच रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कंबरेचा आकडाही त्यांना सांगा. लिपिड प्रोफाइलची एकेक ओळ कशी वाचायची, ते पुढच्या एपिसोडमध्ये बघू. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटमध्ये पाठवा, शक्यतो एका मिनिटाच्या आत!