माल कुणाचा, जोखीम कुणाची?

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. बीटेकला 'जस्ट-इन-टाइम'ची व्याख्या पाठ केली होती: लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल. वाटायचं, किती भारी, गोदामच नको! मग डेल कंपनीबद्दल वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला.

मायकल डेलने 1984 मध्ये, अमेरिकेतल्या ऑस्टिनला, हॉस्टेलच्या खोलीतून धंदा सुरू केला. पद्धत सोपी: आधी ग्राहकाची ऑर्डर, मग कॉम्प्युटरची जोडणी. 2000 नंतरच्या काही वर्षांत डेलकडे जेमतेम चार-पाच दिवसांचा साठा असायचा. चिप, हार्ड डिस्क यांचे भाव तेव्हा भराभर उतरायचे. पडून राहिलेला माल म्हणजे रोजचा तोटा.

पण खरी गंमत पुढे आहे. साठा गायब झालाच नव्हता! तो कारखान्याजवळच्या गोदामात होता, फक्त पुरवठादाराच्या नावावर. डेलने पार्ट उचलला, की मालकी बदलायची. तोवर भाव पडला, तर फटका पुरवठादाराला. वर ग्राहकाचे पैसे आधी यायचे, पुरवठादाराचं बिल नंतर चुकतं व्हायचं.

माझ्या भाषेत सांगू? माल जागेवरच, डेटाबेसमधलं 'मालक' हे एक खानं तेवढं बदलतं. पण त्या एका खान्यात कुणाचा तरी नफा-तोटा असतो.

म्हणून कुणी अभिमानाने म्हणालं, "आमच्याकडे स्टॉकच नसतो," तर एवढंच विचारा: मग तो कुणाच्या वहीत आहे?