चिडचिड कुठून येते?

करमाडहून शेंद्र्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्या कामगाराची रात्रपाळी सकाळी सुटते. तो घरी येऊन आडवा होतो, तेव्हा गाव जागं झालेलं असतं. जालना रोडवर हॉर्न, वर तापलेले पत्रे. उजेडात शरीर गाढ झोपू देत नाही. दिवसाची झोप कमी पडते आणि तुटतही राहते. मग दुपारी पोरानं नुसती वही मागितली, तरी बाप वस्सकन अंगावर येतो. आई पोरांना दटावते, "पप्पांच्या नादी लागू नका, त्यांचा स्वभावच तिरसट आहे."

डॉक्टर यालाच 'इरिटेबल' म्हणतात. राग कशाचा आला ते सांगता येतं. चिडचिडीला निमित्त पुरतं. झोप अपुरी झाली की मेंदूतला अमिग्डला हा भाग जरा खुट्ट झालं तरी उसळतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. थायरॉइड वाढला, मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकलं, तरी माणूस असाच करवादतो. वयात येणाऱ्या मुलांत तर नैराश्य रडण्याऐवजी चिडचिडीतूनच दिसू शकतं. आपण मात्र त्यांना उद्धट ठरवून मोकळे होतो.

आपल्या भागात अशा वेळी पैठणच्या संत एकनाथांचा दाखला हमखास निघतो. अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता ते पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करून आले, ही आख्यायिका कुणाला ठाऊक नाही? नाथांचं थोरपण कबूल. पण रात्रभर मशीनवर उभं राहिलेल्याला ती ऐकवू नये. मला त्यापेक्षा देहूची आवली, तुकोबांची बायको, आठवते. कीर्तनात तिला कजाग ठरवून हशा पिकवतात. घरात दाण्याची चणचण, पोरं भुकेली, नवरा विठ्ठलाच्या नादात. आणि तरी त्याची भाकरी घेऊन ही भंडाऱ्याचा डोंगर चढते. तिनं गोड बोलावं तरी कुठल्या बळावर?

तेव्हा रात्रपाळीवाल्याच्या खिडकीला जाड चादर लावा, त्याचा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, पोरांना शेजारी खेळायला धाडा. पाळी संपत आली की चहा त्यानं टाळावा. आणि पुरेशी झोप होऊनही दोन आठवडे चिडचिड हटली नाही, तर देवऋषी न गाठता डॉक्टरांना दाखवा. बायकोनं सोबत जावं, कारण घरात काय चालतं ते तो स्वतः सांगणार नाही.