गाळाचे वय

मँचेस्टरजवळच्या डेव्हीह्यूम येथील मैलापाणी केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटलीत मैलापाणी भरून त्यातून हवा खेळविली, तेव्हा त्यातील अमोनियाचे पूर्णपणे नायट्रेट होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. इतका संथ उपाय कोणत्या शहराला परवडावा? पण त्यांनी वरचे निवळ पाणी काढून घेतले, तळचा गाळ राहू दिला आणि त्यावर ताजे मैलापाणी ओतले. हा क्रम पुनःपुन्हा चालविल्यावर तेच काम अखेरीस एका दिवसावर आले. १९१४ च्या एप्रिलमध्ये हा शोध जाहीर झाला. टाकाऊ मानलेला गाळच खरा कामकरी ठरला.

हा गाळ म्हणजे नाना जातींच्या जंतूंची वसाहत होय. काही जंतू मैल्यातील सेंद्रिय द्रव्ये खातात आणि अनुकूल स्थितीत काही तासांतच दुप्पट होतात. अमोनियावर जगणाऱ्या जंतूंना मात्र त्यासाठी एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यांनी केलेल्या नायट्राइटवर तिसऱ्याच जंतूंचा निर्वाह चालतो. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न. (ही दोन्ही कामे एकटा करणारा जंतूही आहे, हे २०१५ साली उघड झाले, पाठ्यपुस्तकांना तो धक्काच होता.)

अन्न वाढेल तसा जंतूंच्या वाढीचा वेग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४९ च्या आपल्या लेखात सूत्ररूपाने मांडले. आता सतत वाहत्या टाकीचा विचार करावा. पाणी ज्या वेगाने बाहेर जाते, त्या वेगाने जो वाढू शकत नाही, तो पाण्याबरोबर वाहून जातो. पाणी सहा-आठ तासांत पुढे जात असेल, तर दिवसाने दुप्पट होणाऱ्या जंतूंचा तेथे टिकाव कसा लागावा? तो लागतो, कारण निवळण-टाकीत बसलेला गाळ पुन्हा मागे आणला जातो. पाण्याचा मुक्काम काही तासांचा, जंतूंचा काही दिवसांचा. सारी किमया या दोन काळांची फारकत करण्यात आहे.

ब्रिटनमधील डाउनिंग, पेंटर आणि नोल्स यांनी १९६४ साली याचे गणित मांडले. थोडा गाळ नेमाने काढून टाकावाच लागतो, नाही तर निवळण-टाकीला तो भार पेलत नाही. पण तो सढळ हाताने काढला, तर संथ वाढणारे जंतू सर्वांत आधी नाहीसे होतात. थंडीत त्यांची वाढ आणखी मंदावते, म्हणून हिवाळ्यात गाळ अधिक दिवस राखावा लागतो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, हे विशेष. बाहेर पडणारे पाणी पूर्वीसारखेच नितळ दिसू शकते. परंतु त्यातला अमोनिया नदीत जाऊन तेथील प्राणवायू खर्ची पाडतो आणि माशांना विषासमान ठरतो. गेलेले जंतू पुन्हा जमावयास कित्येक आठवडे लागू शकतात. दुसऱ्या केंद्रातील मुरलेला गाळ आणून विरजणासारखा घातला, तर मात्र तो काळ पुष्कळ कमी होतो.