भाड्यावर उभी मशीद



इस्तंबूलमध्ये गलाता पुलाच्या टोकाशी एमिनोनू नावाचा जुना बाजारभाग आहे. बोटींतून उतरणारी गर्दी, पावात घालून विकला जाणारा मासा, गल्लीत दळल्या जाणाऱ्या कॉफीचा वास. मधोमध मसाल्यांचा बाजार, ‘मिसिर चार्शिसी’. केशर, सुमाक, वाळवलेल्या वांग्यांच्या माळा. आपल्या मसाला गल्लीची आठवण यावी असाच.

पण मला जास्त आवडला तो त्यामागचा हिशेब. शेजारच्या येनी जामी मशिदीचं काम १५९७ मध्ये सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत बंद पडलं. १६६० च्या दशकात ते राजमाता तुर्हान सुलतान हिनं पूर्ण करवलं. तिनं मशिदीसोबत हा बाजारही बांधला. दुकानांच्या भाड्यातून मशिदीची देखभाल व्हायची. जवळची रुस्तम पाशा मशीद तर दुकानांच्या माथ्यावरच उभी आहे!

सॉफ्टवेअरमध्येही मी हेच पाहते. नवं बनवायला सगळे उत्सुक, चालू ठेवायला पैसे काढताना सगळे गप्प.

आज आपण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निधी जमवतो आहोत. माझी एकच विनंती आहे. सगळा पैसा बांधकामात घालू नका. काही रक्कम कायम ठेवीत ठेवू या. फुटलेल्या परीक्षानळ्या, संपलेली रसायनं तिच्या व्याजातून दरवर्षी येतील. उद्घाटनाचा फोटो एकदाच निघतो, प्रात्यक्षिकाचा तास मात्र दर आठवड्याला असतो.