परदेशी निधन पावलेल्या एका शिपायाचे स्मरण
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर दोघा जखमी सोबत्यांस एकेक करून सुरक्षित स्थळी आणिले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ही कथा आम्ही वर्गात दरवर्षी सांगत असू. परंतु त्याच इटलीत आमच्या आळीतील एक तरुण शिपाई लष्करी मोटार उलटून मरण पावला, त्याचे नाव आम्ही कधी उच्चारिले नाही. त्याची वृद्ध पत्नी शाळेसमोरच्या ओट्यावर बसे. कोणी विचारल्यास मान खाली घालून म्हणे, "लढाईत नव्हे, अपघातात गेले."

पुढे आमच्या वाचनात आले की, १९१७ साली स्थापन झालेला युद्धसमाधी आयोग मृत्यूच्या कारणावरून भेद करीत नाही. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सैन्यसेवेत असता जो गेला, तो गोळीने जावो, तापाने जावो वा अपघाताने, त्याची नोंद होतेच. हे त्या माउलीस सांगावयास आम्ही गेलो, तेव्हा ओटा रिकामा झाला होता.

आपली सर्वांस एकच विनंती आहे. घरातील जुनी ट्रंक उघडा. पदक वा पत्र सापडल्यास शिपायाचे नाव, पित्याचे नाव, गाव व पलटण मंडळास कळवा. घर सोडून जो सेवेस गेला व परतला नाही, त्याच्याविषयी कोणाही घराने मान खाली घालू नये.